इंजिनाचे नाक

मोटारसायकल पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण वजनाचा हिशेब मांडला तर ती मुख्यतः हवेवर चालते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो भरते. म्हणजे लिटरमागे सुमारे ११ किलो, आकारमानाने जवळजवळ ९,००० लिटर हवा झाली. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच वर्गखोलीत ९०,००० लिटर हवा मावते. १० लिटर पेट्रोल जाळताना इंजिन अशी वर्गभर हवा आत ओढते.

ही हवा धुळीची असेल तर? डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर आणि मोटोक्रॉसच्या मातीच्या धावपट्टीवर पळवण्याची मोटारसायकल, पुढच्या गाडीने उडवलेल्या धुरळ्यातच श्वास घेत असते. धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोहस् मापनात क्वार्ट्झची कठिणता ७ आहे, तर चाकूच्या पोलादाची साडेपाचच्या आसपास. असे कण सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये पॉलिश कागदासारखे काम करतात. रिंगा झिजतात, दाब गळतो, इंजिन तेल जाळू लागते. कार्ब्युरेटरमध्ये खडा अडकून थ्रॉटल उघडाच राहिला तर चालकाच्या जिवावरही बेतू शकते. हे सारे टाळण्याचे काम एका स्पंजासारख्या फोमच्या तुकड्यावर, एअर फिल्टरवर, सोपवलेले असते.

फिल्टर म्हणजे चाळणी, अशी आपली समजूत असते. पण फोमची छिद्रे धुळीच्या बहुतेक कणांपेक्षा पुष्कळ मोठी असतात. मग कण अडतात कसे? फोममधून जाताना हवेला पुन्हा पुन्हा वळणे घ्यावी लागतात. हवा हलकी असल्याने चटकन वळते. कण जड असल्याने जडत्वामुळे सरळ जाऊ पाहतो आणि फोमच्या धाग्यावर आपटतो. हा न्यूटनचा पहिला नियमच झाला. मात्र धागा कोरडा असेल तर आपटलेला कण उसळून पुन्हा प्रवाहात मिसळतो. म्हणून फोमला चिकट तेल लावतात. आपल्या नाकातही नेमकी हीच योजना आहे. तेथे वाट वळणाची आहे आणि पृष्ठभाग चिकट आहे.

धूळ साठत गेली की हवेची वाट अरुंद होते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात मग पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते, ज्वलन अपुरे होते, धूर काळा येतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि ताकद घटते. म्हणून धुळीतल्या प्रत्येक फेरीनंतर फिल्टर काढून पाहणे योग्य.

सफाईचा क्रम असा. इंजिन थंड झाल्यावर सीट किंवा बाजूचे झाकण काढून फिल्टर अलगद बाहेर घ्यावा आणि इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडावर लगेच स्वच्छ फडके घट्ट बसवावे. फिल्टरची पेटी ओल्या फडक्याने पुसावी. फोम आतल्या जाळीवरून उतरवून फिल्टर धुण्याच्या द्रावणात किंवा रॉकेलमध्ये, उघड्या जागी व विस्तवापासून दूर, दाबून दाबून धुवावा. पिळू नये, शिवण उसवते. पेट्रोल तर वापरूच नये, कारण भडका उडण्याचा धोका असतो आणि फोमचे चिकटवलेले जोडही सुटतात. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत पूर्ण वाळवावा. ओलाव्यावर तेल नीट धरत नाही. मळके रॉकेल गटारात ओतू नये.

वाळलेल्या फोमला फिल्टरचे खास तेल सर्वत्र सारखे लावून जादा तेल दाबून काढावे. इंजिनाचे साधे तेल पातळ असल्याने ओघळून तळाशी जमते. फिल्टरच्या तेलात मिसळलेला द्रव उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. फिल्टर बसवताना त्याची कड चहूबाजूंनी टेकली पाहिजे. कडेला ग्रीसचा पातळ थर देण्याची पद्धत आहे. येथे बारीकशी फट राहिली तरी हवा तीच सोपी वाट धरते आणि सारी मेहनत वाया जाते. पुढच्या वेळी फिल्टर काढल्यावर इंजिनाकडच्या नळीच्या आत पांढरे फडके फिरवावे. त्यावर माती आली तर फिल्टर फाटला आहे किंवा नीट बसलेला नाही.

फोमची शिवण उघडली, त्याला भोक पडले किंवा बोटांनी चुरा होऊ लागला, तर तो बदलावाच. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हलका वारा देऊन काही वेळा साफ करता येतो, तर तेल लावून आलेला कागदी फिल्टर थेट बदलावा लागतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. स्पंजाचे सारख्या जाडीचे दोन पातळ तुकडे घ्या. एकाला खाद्यतेल लावून चांगले दाबून काढा, दुसरा कोरडा ठेवा. दोन पेल्यांच्या तळाशी काळा कागद ठेवून तोंडावर हे तुकडे रबराने बांधा. दोन्हींवर सारखीच खडूची बारीक पूड टाकून पेल्यांना वीस-वीस टिचक्या मारा आणि काळे कागद शेजारी ठेवून पाहा. छिद्रे दोन्ही तुकड्यांत सारखीच होती, मग फरक कशामुळे पडला, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर त्यांनाच शोधू द्या.