वाट पाहणारे घर

मनोरुग्णालयातून बरे होऊन परतलेल्या माणसाला घरातील मंडळी बहुधा प्रेमाने एकच गोष्ट सांगतात, ‘तू आता फक्त आराम कर.’ औषधांच्या वेळा सांभाळल्या जातात, जेवणाचे ताट खोलीत पोहोचते. दुकानाच्या किल्ल्या मात्र दुसऱ्याच्या हाती जातात. पाहुणे आले की खोलीचे दार लोटून घेतले जाते. आजार ओसरतो, परंतु ‘माझ्यावाचून कोणाचे काही अडत नाही’ ही जाणीव त्या माणसाला आतून पोखरत राहते. या दुखण्यावरचा एक उपाय न्यूयॉर्क शहरातील रुग्णांनीच शोधून काढला. पाऊणशे वर्षे लोटली तरी तो टिकून आहे.

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळील रॉकलंड राज्य मनोरुग्णालयातून बाहेर पडलेले काही जण एकमेकांना भेटू लागले. आपल्या गटाला त्यांनी ‘आम्ही एकटे नाही’ असे नाव दिले. हक्काची जागा नसल्याने शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ते जमत. १९४८ मध्ये हितचिंतकांच्या साहाय्याने त्यांना एक घर मिळाले. त्याच्या मागील अंगणात कारंजे होते. त्यावरून घराचे नाव पडले ‘फाउंटन हाउस’.

प्रारंभी हे केवळ भेटीगाठींचे ठिकाण होते. १९५५ मध्ये जॉन बियर्ड हे समाजकार्यकर्ते संचालक म्हणून आले आणि घराला नवे वळण लागले. माणसातील बिघडलेल्या भागाकडे पाहणारे डॉक्टर आहेतच, आपण त्याच्यातील शाबूत भागाला हाक द्यावी, ही त्यांची धारणा होती. त्यातून ‘क्लबहाउस’ या नावाने ओळखली जाणारी पद्धती आकारास आली.

येथे येणाऱ्यास रुग्ण म्हणत नाहीत, सभासद म्हणतात. दिवस कचेरीसारखा सकाळी सुरू होतो. सर्व जण एकत्र बसून कामे वाटून घेतात. कोणी स्वयंपाकघरात भाज्या चिरतो, कोणी दूरध्वनी घेतो, कोणी हिशेब मांडतो, कोणी वार्तापत्राचा मजकूर तयार करतो. ही कामे मन रमविण्यासाठी मुद्दाम शोधलेली नसतात. ती झाली नाहीत तर दुपारचे जेवण होणार नाही आणि पत्रेही जाणार नाहीत. पगारी कर्मचारी हेतुपुरस्सर कमी ठेवलेले असतात, म्हणजे सभासदांवाचून घर चालूच नये. कर्मचाऱ्यांसाठी वेगळी दालने नसतात आणि सभासदांना वगळून बैठकही होत नाही.

क्लबहाउसमध्ये वैद्यकीय उपचार होत नाहीत. डॉक्टर आणि औषधे यांची व्यवस्था बाहेर चालू असते व ती चालू राहणे आवश्यकच मानले जाते. सभासदत्व ऐच्छिक असते, त्याला मुदत नसते. आजार उलटून कोणी पुन्हा रुग्णालयात गेला, तरी त्याची जागा कायम राहते. कोणी काही दिवस फिरकला नाही, तर दूरध्वनी जातो, पत्र जाते, प्रसंगी सहकारी भेटायला जातात. ज्याची अनुपस्थिती कोणाच्या लक्षातही येत नव्हती, त्याची येथे वाट पाहिली जाते.

या पद्धतीचा सर्वांत व्यवहारी भाग व्यापारी घरांनी समजून घेण्यासारखा आहे. क्लबहाउस एखाद्या दुकानाशी वा कचेरीशी करार करून तेथील अर्धवेळ नोकरी आपल्याकडे घेते. साधारणपणे सहा ते नऊ महिने एक सभासद ती करतो, नंतर दुसरा. काम शिकविण्याची जबाबदारी क्लबहाउसची. सभासद एखाद्या दिवशी येऊ शकला नाही, तर त्याच्या जागी क्लबहाउसमधील दुसरे कोणी काम पार पाडते. त्यामुळे मालकाचे काम खोळंबत नाही. वेतन इतर कामगारांच्याच दराने आणि मालकाकडून थेट मिळते. त्यात दानाचा अंश नसतो. पूर्वी नोकरी सुटली होती किंवा वारंवार रुग्णालयात जावे लागले होते, म्हणून कोणाला संधी नाकारली जात नाही. हा अनुभव गाठीशी बांधून अनेक जण पुढे स्वतःची कायमची नोकरी शोधतात.

प्रत्येकाला नोकरी लाभतेच असे नाही. काहींना बैठकीत तोंड उघडण्यासच महिने लागतात, काहींचा आजार पुनःपुन्हा डोके वर काढतो. म्हणूनच या घराने घाईला थारा दिलेला नाही.

१९७१ मध्ये लाहोर येथे याच नावाची संस्था उभी राहिली. १९९४ मध्ये क्लबहाउसांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज तीसहून अधिक देशांत तीनशेहून अधिक क्लबहाउसे आहेत. २०१४ मध्ये या कार्यास १५ लाख डॉलरचा हिल्टन मानवतावादी पुरस्कार लाभला. भारतातही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारग्रस्त व्यक्तीचा समाजात राहण्याचा, समाजापासून वेगळे न काढले जाण्याचा हक्क मान्य केला आहे.

कायद्याने दिलेला हा हक्क प्रत्यक्षात उतरतो तो घरात आणि पेढीवर. प्रत्येक गावी क्लबहाउस नसेल. परंतु मालाची नोंद, पावत्या लावणे, पार्सले बांधणे अशी कामे प्रत्येक पेढीवर असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांपैकी एक काम, दिवसातून दोन तास, ठरलेल्या मोबदल्यावर घरातील वा शेजारच्या अशा एखाद्या माणसाकडे सोपविता येईल. ते खरोखर गरजेचे काम असावे आणि आजार उलटल्यास त्याची जागा राखून ठेवावी. एखाद्या सकाळी तो आला नाही, तर सायंकाळपूर्वी त्याच्याकडे निरोप जावा : नोंदी तुझ्यासाठी ठेवल्या आहेत, उद्या येतोस ना?