वहीत न मांडलेला उपवास

माघ वद्य चतुर्दशी उजाडली की वालधुनीच्या काठच्या आमच्या शिवमंदिराकडे माणसांचा लोंढा वाहू लागतो. कोणाच्या हाती पाण्याचा तांब्या, कोणाच्या हाती बेलाची पुडी, कोणाच्या कडेवर झोपाळलेले मूल. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख असलेला शिलालेख येथे सापडला आहे. शिलाहारांच्या काळचे हे देवालय आहे. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. तेथे पोचल्यावर भक्ताने करायचे ते एवढेच : पिंडीवर चार थेंब पाणी घालायचे, एक बेलाचे पान ठेवायचे आणि मस्तक टेकायचे. या देवाला आशुतोष म्हणतात, म्हणजे चटकन संतुष्ट होणारा. देवाची मागणी इतकी थोडी आहे.

परंतु याच दिवशी आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. साबुदाणा, शेंगदाणे, वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, रताळी, खजूर, कवठाची चटणी! एरवीच्या वरणभाताहून उपवासाचा दिवस महाग पडतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपल्या पूर्वजांनी हसत हसत म्हणून ठेवलेच आहे. घरात पैसा खेळता असेल तर हे हसण्यावारी नेता येते. पण हात आखडलेला असेल, पगार थांबला असेल, तेव्हा कोणता खर्च ठेवायचा आणि कोणता काढायचा, हा प्रश्न प्रत्येक गृहस्थापुढे उभा राहतो. हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही, तो धर्माचाही आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

कीर्तनात आम्ही पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. आज तो क्रम उलटा करण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. कारण आख्यान माझ्याच घरचे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, अशाच एका गिरणीत होते. पहाटेच्या अंधारात डबा घेऊन अंबरनाथ स्थानकाकडे जाणारी त्यांची पावले त्या दिवसापासून थांबली. घरात आजी, आई, दहावीच्या परीक्षेला बसणारी बहीण, दहा वर्षांचा धाकटा भाऊ आणि कल्याणला एका शास्त्रीबुवांकडे मीमांसा शिकणारा मी. मिळवते हात मात्र दोनच होते, आणि तेही आता रिकामे.

अण्णा हिशेबी गृहस्थ होते. त्यांनी एक वही घातली आणि रोज रात्री कंदिलासारखा मिणमिणणारा दिवा जवळ ओढून ते एकेक खर्च खोडू लागले. वर्तमानपत्र बंद झाले. दुपारचा चहा बंद झाला. दूध निम्मे केले. बहिणीची शिकवणी थांबवली. आजीचे औषध दिवसातून दोनदा होते, ते एकदा झाले. प्रत्येक ओळ खोडताना त्यांना यातना होत असत, हे मी पाहिले आहे. त्यांना कठोर म्हणण्याचे पाप माझ्याकडून होऊ नये.

अशात महाशिवरात्र आली. दरवर्षी या दिवशी आमच्या घरी आळीतल्या पंचवीसतीस माणसांना फराळ असे. आजोबांपासूनची ती चाल होती. आई हळूच म्हणाली, “अहो, यंदा घरच्यापुरतेच करू या. देवाला नैवेद्य दाखवला म्हणजे झाले.” अण्णा म्हणाले, “अगं, संप आहे म्हणून यांच्याकडचा फराळ बंद पडला, असे लोक म्हणतील. ते मला सोसवणार नाही.” दुसऱ्या दिवशी आईच्या हातातल्या पाटल्या गहाण पडल्या. साबुदाणा आला, शेंगदाणे आले, राजगिऱ्याचे लाडू झाले. फराळ उत्तम झाला. लोकांनी वाखाणणीही केली.

तत्पूर्वी सकाळी आम्ही सारे दर्शनाला गेलो होतो. रांगेत तीन तास गेले. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना आईचा हात माझ्या खांद्यावर होता. तो एकाएकी जड झाला आणि ती त्या पायऱ्यांवरच कोसळली. हातातला तांब्या खाली घरंगळत गेला. भोवतालच्या बायका म्हणाल्या, “कडक उपवास केला असेल हो बाईंनी.” आम्हीही तसेच समजलो. संध्याकाळी डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि अण्णांना बाजूला घेऊन ते म्हणाले, “हा एका दिवसाचा उपवास नव्हे. या कित्येक आठवडे अर्धपोटी आहेत.”

मग आम्हाला एकेक आठवू लागले. सोमवारी आई म्हणे, “आज माझा सोमवार.” गुरुवारी दत्ताचा उपवास. शनिवारी मारुतीचा. मध्ये चतुर्थी, मध्ये एकादशी. राहिलेल्या दिवशी, “तुम्ही बसा, मी मागून बसते.” मागून काय उरत होते ते आम्ही कोणी पाहिले नव्हते. अण्णांच्या वहीत प्रत्येक पैशाची नोंद होती, फक्त ही एक काटकसर त्या वहीत कोठेही नव्हती. घरातील सर्वांत मोठी कपात कोणालाही न विचारता एका ताटातून झाली होती, आणि तिला व्रताचे नाव दिलेले असल्यामुळे कोणाला शंकाही आली नव्हती.

चार दिवसांनी माझे शास्त्रीबुवा समाचाराला आले. अण्णांनी सारे काही सांगितले आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. शास्त्रीबुवांनी ती शांतपणे चाळली आणि माझ्याकडे वळून विचारले, “अरे, सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद झाला ना तुझा? मग वडिलांना तो सांगितला का नाहीस?” माझी मान खाली गेली. यज्ञातले शास्त्र यज्ञापुरतेच, अशी माझी समजूत होती.

आता तो सिद्धान्त. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत या ठिकाणी मोठा मार्मिक विचार आहे. कर्मे तीन प्रकारची. अग्निहोत्रासारखी जी रोजची, न करता राहताच येत नाही, ती नित्य. काही निमित्त घडले म्हणजे करायची ती नैमित्तिक. आणि एखादे फळ हवे म्हणून आपल्या इच्छेने करायची ती काम्य. आता सामग्री कमी पडली तर काय करावे? मीमांसक सांगतात : नित्य कर्म सोडू नये. त्याची सारी अंगे जमत नसतील तर जमतील तेवढ्यांनिशी, यथाशक्ती करावे, पण करावे. काम्य कर्माचे मात्र उलट आहे. ते सर्वांगांनी पूर्ण करण्याची शक्ती असेल तरच हाती घ्यावे, नसेल तर घेऊच नये. ते न केल्याने दोष लागत नाही.

शास्त्रीबुवांनी अण्णांच्या वहीवर बोट ठेवून म्हटले, “तुमच्या घरी यंदा काम्याला खीर मिळाली आणि नित्याला पेजही मिळाली नाही. मुलाचे दूध, मातोश्रींचे औषध, मुलीचा अभ्यास, घरधनिणीचे जेवण, हे तुमचे अग्निहोत्र. ते तुम्ही निम्मे केलेत. लोकांनी चांगले म्हणावे ही कामना. ती मात्र सर्वांगांनी पूर्ण केलीत.” अण्णांच्या डोळ्यांना पाणी आले. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, मी तर त्याला धर्म समजत होतो.”

त्याच पादात पुढे ‘प्रतिनिधी’चा विचार येतो. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे सदृश द्रव्य घ्यावे. व्रीही म्हणजे भात नसेल तर नीवार, म्हणजे रानातले देवभात, चालते. आपली घरची पूजा तरी दुसरे काय शिकवते? देवाला रेशमी वस्त्र नाही, तर कापसाचे वस्त्र वाहतो. अलंकार नाहीत, तर अक्षता वाहतो. मूर्ती नसेल तर सुपारीचा गणपती मांडतो, आणि तो गणपती तसूभरही कमी मानत नाही. ज्यांनी ही पूजा रचली त्यांना गरिबाच्या घराची पुरती ओळख होती. वस्तूला पर्याय आहे, भावाला नाही.

परंतु प्रतिनिधीलाही दोन मर्यादा घातल्या आहेत, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, जे द्रव्य यज्ञाला निषिद्ध म्हणून सांगितले आहे, ते प्रतिनिधी म्हणून घेता येत नाही. नड आहे म्हणून निषिद्ध वस्तू शुद्ध होत नाही. प्रपंचात मी याचा अर्थ असा घेतो की, रोख पैसा नाही म्हणून कर्ज हा सणाचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. ऋण काढून सण करू नये, असे आपल्या घरची म्हातारी माणसे सांगत आली, ते याच न्यायाने. आईच्या पाटल्या पुन्हा कधी सुटल्या नाहीत.

दुसरी मर्यादा अशी की, यज्ञात सामग्रीला प्रतिनिधी चालतो, पण यजमानाला प्रतिनिधी नाही. भात बदलता येतो, पण ज्याच्यासाठी आणि ज्याच्या हातून हे कर्म चालले आहे, तो बदलता येत नाही. घराच्या यज्ञात ही जागा घरातल्या माणसांच्या देहाची आहे. डाळ बदला, तेल बदला, कापड बदला, पण आईच्या रक्ताच्या जागी काय आणाल?

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मनुस्मृतीत स्त्रियांविषयी जे पुष्कळ लिहिले आहे त्याचे समर्थन आज विचारी मनुष्य करणार नाही. मात्र तिच्या तिसऱ्या अध्यायात जेवणाचा क्रम सांगितला आहे, तो पाहण्यासारखा आहे. नवविवाहिता, कुमारिका, आजारी माणसे आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी, काही विचार न करता वाढावे, असे तेथे आहे. आणि सर्वांचे झाल्यावर उरलेले कोणी खावे? तेथे शब्द आहे ‘दंपती’, आणि क्रियापद द्विवचनी आहे. उरलेले दोघांनी खायचे आहे, एकट्या गृहिणीने नव्हे. संस्कृतात द्विवचन का ठेवले, असे विद्यार्थी मला विचारतात, तेव्हा मला हे स्थळ आठवते.

त्या रात्री अण्णांनी वहीचे नवे पान उघडले आणि उभ्या तीन रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात नित्य : धान्य, दूध, औषध, अभ्यास. दुसऱ्यात नैमित्तिक : सण, श्राद्ध, आहेर. त्यापुढे लिहिले, ‘करावे, पण लहान करावे’. तिसऱ्यात काम्य. त्यापुढे एकच शब्द, ‘नाही’. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी एक नवी रीत सुरू झाली. अण्णा आईच्या आधी पानावर बसेनासे झाले. दोघांची ताटे शेजारी मांडली जात आणि पातेल्यात असेल ते दोघांत सारखे वाढले जाई. कधी ते फारच थोडे असे. पण ते थोडे आहे हे आता दोघांनाही दिसत होते, आणि खरी काटकसर तेथून सुरू झाली. पुढच्या वर्षी महाशिवरात्रीला आळीतल्या मंडळींना आम्ही बोलावले ते भजनाला, आणि प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवली. कोणीही काही म्हटले नाही. उलट त्यांतल्या दोघांनी आईला खासगीत सांगितले की, तुम्ही हे केलेत म्हणून आम्हालाही धीर आला. कारण त्यांच्याही घरी संपच होता.

अण्णा गिरणीत परत गेले नाहीत. इथल्याच एका लहान कारखान्यात ते हिशेबनीस म्हणून लागले. बहीण दहावी उत्तीर्ण झाली आणि पुढे परिचारिका झाली.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, सामान्य प्रवाशांना लोकल बंद झाली, आणि लोकलवर पोट असलेल्या अंबरनाथ-बदलापूरच्या कितीतरी घरांत पुन्हा तीच वही उघडली गेली. त्या दिवसांत ओळखीच्या एका सुनेला मी विचारले, “काय गं, जेवलीस का?” ती हसून म्हणाली, “बुवा, आज माझा गुरुवार.” तो दिवस बुधवार होता.

म्हणून वाचकहो, हात आखडला असता वही जरूर घाला, पण ती सर्वांनी मिळून, उघड वाचा. रेल्वेचा पास, घराचा हप्ता, मुलांची फी, वृद्धांचे औषध हे नित्य आहे, तेथे कात्री लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. बारसे, मुंज, गणपतीचे मखर यांना प्रतिनिधी शोधा, कापसाच्या वस्त्रासारखा. नवा मोबाइल, मोठा दूरचित्रवाणी संच, हप्त्यांवरची सहल ही काम्ये आहेत, ती अर्धीमुर्धी न करता सबंध सोडा. आणि सर्वांत शेवटी एक ओळ घाला : आज घरात कोण काय जेवले? उपवास स्वेच्छेने केला तर ते तप आहे. दुसऱ्याचे ताट भरावे म्हणून एकाने गुपचूप केला तर ती उपासमार आहे, आणि तिचे पुण्य त्या घराला लाभत नाही.

आज गाभाऱ्यात उतराल तेव्हा वर पाहा. तेथे आज शिखराचे वरचे अंग नाही, आकाशच दिसते. तरीही देवाचे देवपण उणे झालेले नाही, कारण पिंडी जागच्या जागी आहे. घराचेही असेच आहे. शिखर राहिले तर राहू द्यावे, पिंडीवरची धार तेवढी खंडू नये.