धागा पेटवून पाहा

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवरचं कापड खरंच सुती आहे का? दोन-चार धागे चिमट्यात धरून पेटवले की बरंचसं कळतं. सूत म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ते भराभर जळतं, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटांत चुरली जाणारी करडी राख उरते. या जिल्ह्यात केळी उदंड. सोपटापासून काढलेला धागाही मुख्यतः सेल्युलोजचाच, म्हणून तोही असाच जळतो. व्हिस्कोज हा कृत्रिम धागाही सेल्युलोजचाच, तो तर हमखास चकवतो.

पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. त्याच्या रेणूत बेंझिनची कडी असते. तिच्यात हायड्रोजनच्या मानाने कार्बन जास्त. तो सगळा जाळायला ज्योतीतला ऑक्सिजन पुरत नाही, उरलेल्याची काजळी होते. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं, त्यांना केस जळल्याचा वास येतो.

मिश्र सुताचं प्रमाण मात्र काडेपेटी सांगत नाही, ते काम प्रयोगशाळेचं. वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. खाली पाण्याची वाटी हवीच.