यंत्राची बैठक

लखनौच्या हजरतगंजातून बड्या इमामबाड्याकडे गेलेला प्रवासी तेथील मधले दालन पाहून थक्क होतो. नवाब असफउद्दौला याच्या काळात, १७८४ च्या सुमारास, या वास्तूचे काम सुरू झाले. सुमारे ५० मीटर लांबीच्या त्या दालनाच्या छताला तुळईचा आधार नाही. विटा आणि त्यांना धरून ठेवणारा चुना, एवढ्यावरच ते उभे आहे. एका द्रव्याने भार पेलावा आणि दुसऱ्याने त्याला एकजीव करावे, हेच तत्त्व आज यंत्रांच्या बैठकीतही वापरले जाते.

लेथ चालू झाला की हत्यार आणि धातू यांच्या संघर्षातून कंप उठतात. बैठकीने ते पचविले नाहीत, तर घडणाऱ्या वस्तूच्या अंगावर लहरी उमटतात. पिढ्यानपिढ्या हे काम बिडाने केले. कोल्हापूरच्या ओतशाळांचा लौकिक या ओतकामावरच उभा आहे. परंतु बीड निवताना त्यात ताण राहून जातात. ते सैल व्हावेत म्हणून जुने कारागीर ओतलेल्या बैठका महिनोन्महिने उघड्यावर ठेवीत.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वित्झर्लंडमधील स्टूडर कंपनीने ग्रॅनाइटची खडी आणि इपॉक्सी राळ यांच्या बैठका प्रचारात आणल्या. मोठ्या खड्यांमधील पोकळी लहान खडे भरतात, लहानांमधील पोकळी बारीक पूड भरते. त्यामुळे एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राळ पुरते. राळेत ती कठीण करणारे द्रव्य मोजून मिसळतात व त्यात खडी कालवतात. साच्याला आतून मेण लावून, पोलादी पट्ट्या जागच्या जागी बसवून मिश्रण ओतले जाते. साचा थरथरविला की अडकलेली हवा वर येते. भट्टीची गरज नसते. उलट घट्ट होताना राळ स्वतःच तापते, म्हणून जाड थर घाईने ओतल्यास तडे जाण्याचे भय असते.

अशी बैठक बिडापेक्षा कंप कितीतरी लवकर शमविते आणि उष्णतेच्या चढउताराला सावकाश दाद देते. मात्र तिचा ताठरपणा बिडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका असल्याने तिची जाडी वाढवावी लागते. शिवाय फसलेले बीड पुन्हा भट्टीत घालता येते. घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही. मापात झालेली चूक त्या दगडी ठोकळ्यात कायमची राहते. म्हणून या कामी कारागिराची खरी कसोटी ओतण्यापूर्वीच, तराजूपाशी आणि साच्यापाशी, लागते.