विकणे आहे : उघड्या टपाची, उलट्या इंजिनाची

‘साब ९०० टर्बो, कन्व्हर्टिबल, लाल रंग, टप व्यवस्थित उघडतो, गिअरबॉक्सचं काम नुकतंच झालेलं.’ युरोप-अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात अशी जाहिरात दिसली, की शौकिनाचा चहा गार झालाच म्हणून समजा. गाडी बंद पडून जमाना झाला, कंपनीचंही २०११ साली दिवाळं निघालं. तरी हिच्यावर जीव टाकणारे कमी झालेले नाहीत. का, ते बघूच.

साब म्हणजे साहेब नव्हे. ‘स्वेन्स्का एरोप्लान आक्तिएबोलागेत’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. स्वीडनची ही कंपनी १९३७ साली विमानं बनवायला निघाली होती. महायुद्ध संपल्यावर विमानांची मागणी घटली, तेव्हा मोटारी सुचल्या. १९४९ च्या शेवटी पहिली ‘साब ९२’ बाहेर पडली. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या हिरव्या. विमानांचा रंग शिल्लक होता, असं सांगतात. स्वीडिश काटकसर पुणेरी काटकसरीला भारी पडली म्हणायची!

आता जाहिरातीतल्या ९०० मध्ये बसा. चावी लावायला हात सवयीने स्टिअरिंगपाशी जाईल आणि तिथे भोकच सापडणार नाही. ते आहे दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यामागे. अपघातात गुडघा चावीवर आपटून वाटी फुटू नये, हा त्यामागचा विचार. आणखी मजा म्हणजे, हाताने गिअर टाकायच्या गाडीत चावी काढायची तर आधी रिव्हर्स टाकावा लागतो. मग गिअर तिथेच अडकतो. चोराने तारा जोडून इंजिन चालू केलंच, तर तो फार तर मागे मागे जाईल. तोटा एवढाच, की कॉफी सांडली तर थेट चावीच्या भोकात.

बॉनेट उघडा. ते उघडतं पुढच्या बाजूला, आणि आत इंजिन चक्क उलटं बसवलेलं! पट्टे-पुली केबिनकडे, क्लच रेडिएटरकडे. वर इंजिन ४५ अंशांत कललेलं, खाली गिअरबॉक्स. आपल्याकडे क्लचप्लेट म्हटलं की मेस्त्रीचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘गिअरबॉक्स खाली घ्यावा लागंल.’ इथे तो खाली घ्यावा लागत नाही. इंजिन जागेवर, गिअरबॉक्स जागेवर, क्लच समोरून काढायचा. मात्र हाच गिअरबॉक्स या गाडीचं दुखणंही आहे. जुनी ९०० बघायला जाणारा जाणकार रंगाकडे नंतर बघतो, आधी गिअरचा आवाज ऐकतो आणि मग दाराखालचा पत्रा गंजलाय का ते चाचपतो.

आता टर्बो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराने एक पातं फिरवायचं, त्या पात्याने दुसरं, आणि दुसऱ्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. मोटारीत मात्र हा प्रकार बराच काळ लाडावलेल्या पोरासारखा वागला. १९६२ च्या अमेरिकन ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ला पेट्रोलसोबत पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण पाजावं लागे. ते भरायला लोक विसरत. १९७३ च्या ‘बीएमडब्ल्यू २००२ टर्बो’वर समोर ‘टर्बो’ ही अक्षरं उलटी लिहिलेली असत, पुढच्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून. आपल्या ॲम्ब्युलन्सवर असतात तशी, फक्त हेतू उलटा : ही वाट मागत नव्हती, धमकावत होती.

साबने १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘९९ टर्बो’ मांडली आणि टर्बोला घरात नांदायला शिकवलं. यामागचं डोकं पेर यिलब्रांड यांचं. पुढे त्यांनी इंजिनाला जणू कानच लावला. ठोके पडायला लागले, की इंजिनावरच्या सेन्सरला ते कळतात आणि टर्बोचा दाब आपोआप उतरतो. त्यामुळे पेट्रोल थोडं हलकं मिळालं तरी इंजिनाचा जीव वाचतो. डॅशबोर्डवरच्या टर्बोच्या घड्याळात आकडेच नाहीत, नुसते रंगीत पट्टे. काटा लालमध्ये गेला की समजायचं, फार झालं. मला हे फार आवडतं. ड्रायव्हरला शहाणं करायच्या भानगडीत न पडता कामापुरतं सांगायचं.

टप उघडायची कल्पना स्वीडिश डोक्यातली नव्हे. बर्फाच्या देशात ती कुणाला सुचणार? अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख रॉबर्ट सिंक्लेअर हटून बसले. १९८३ मध्ये फ्रँकफर्टला नमुना झळकला, १९८६ मध्ये गाडी बाजारात आली. बनायची फिनलंडमधल्या उसिकाउपुंकी गावात. या नावाचा अर्थ ‘नवं शहर’, आणि ते वसलं १६१७ साली. आपली नवी पेठ जितकी नवी, तितकंच. कापडी टपाला आतून अस्तर, मागे प्लॅस्टिकऐवजी खरी काच, आणि त्या काचेत गरम होणाऱ्या तारा. उघड्या गाडीतही थंडीचा बंदोबस्त!

सिनेमावाल्यांनाही हिचा लळा. ‘साइडवेज’ (२००४) मध्ये नायकाची लाल साब कन्व्हर्टिबल मुद्दाम ठोकली जाते. हारुकी मुराकामींच्या ‘ड्राइव्ह माय कार’ कथेत पिवळी कन्व्हर्टिबल आहे, पण त्यावरच्या ऑस्करविजेत्या सिनेमात ती लाल आणि बंद टपाची झाली. उघड्या गाडीत संवादांचं रेकॉर्डिंग करणार कसं? जॉन गार्डनरने तर १९८१ च्या कादंबरीत चक्क जेम्स बाँडला ९०० टर्बो चालवायला दिली.

जीव अडकला असेल, तर जरा दमानं. परदेशातून भारतात सेकंडहँड गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती उतरवायची मुंबई बंदरातच. २०२५ पासून पन्नाशी ओलांडलेल्या विंटेज गाड्यांना दार उघडलंय. १९८६ ची साब कन्व्हर्टिबल पन्नाशीची होईल २०३६ मध्ये. तोवर पैसे साठवा, ड्यूटीही भरायची आहे.