टिश्यूचा खोका आणि दोन गुण

अमेरिकेतल्या अनेक सरकारी शाळांत वर्गासाठी एखादी वस्तू आणणाऱ्या विद्यार्थ्याला वाढीव गुण मिळतात. टिश्यूपेपरचा खोका, झेरॉक्सच्या कागदाचे रिम, पांढऱ्या फळ्याचे मार्कर अशा साध्याच वस्तू असतात या. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधी गरजूंसाठी डबाबंद अन्न गोळा होते, तेव्हा डब्यांवरही गुण दिले जातात.

या प्रथेचे मूळ शाळेच्या रिकाम्या कपाटात आहे. केंद्रीय शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार २०१४-१५ मध्ये सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी पदरमोड केली. सरासरी खर्च ४७९ डॉलर. आयकरात या खर्चावर वजावट मिळते, पण तिची मर्यादा २०२५ मध्ये ३०० डॉलरच होती. तेव्हा गुणांच्या बदल्यात कागद मागणाऱ्या शिक्षकाला लोभी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

व्यवहार मात्र चुकीचाच आहे. बऱ्याच शाळांत ९० टक्क्यांना ‘ए’ आणि त्याखाली ‘बी’ श्रेणी मिळते. बीजगणितात ८९ वर अडकलेला मुलगा टिश्यूचे दोन खोके देऊन ‘ए’मध्ये जातो. तेवढेच गणित येणारी, पण महिनाअखेरीस घरात किराण्याचीच ओढाताण असलेली मुलगी ‘बी’वर राहते. गुणपत्रकात खोक्यांचा उल्लेख नसतो, आणि कॉलेजचा प्रवेश तर बऱ्याच अंशी त्याच श्रेणींवर ठरतो. ‘ए’ मिळालेल्या मुलाचेही नुकसान होतेच: त्याचे कच्चे राहिलेले समीकरण कुणाच्या ध्यानात येत नाही. मूल्यमापनाचे अभ्यासक केन ओकॉनर यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात असे वाढीव गुण बंद करावेत, असे स्पष्ट म्हटले आहे.

हीच वाट पुढे कुठे जाते, ते २००९ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या गोल्ड्सबरो गावी दिसले. चॉकलेट विकून फारसे हाती लागले नव्हते, म्हणून एका माध्यमिक शाळेने थेट २० डॉलरला २० गुण देऊ केले. दोन चाचण्यांत दहा-दहा. बातमी फुटताच जिल्हा प्रशासनाने योजना थांबवली.

कॅलिफोर्नियाने हा प्रश्न कायद्याने सोडवला. तिथल्या राज्यघटनेत मोफत शाळांची हमी आहे आणि तिच्या आधारे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये खेळ-नाटकांसाठीची फीसुद्धा अवैध ठरवली होती. तरीही वसुली चालूच राहिल्याने २०१० मध्ये खटला उभा राहिला, आणि २०१२ मध्ये नवा कायदा झाला. पैसे, वस्तू किंवा श्रम यांच्या बदल्यात शैक्षणिक श्रेयांक वा सवलत देण्यास, तसेच देणगी न दिल्याबद्दल ती काढून घेण्यास त्यात मनाई आहे. स्वेच्छेची देणगी मागायला आणि निधी जमवणाऱ्या मुलांना बक्षीस द्यायला मात्र मुभा आहे. पालकाला निनावी तक्रारही करता येते. ती मुख्याध्यापकांकडे देता येते. निकाल पटला नाही, तर राज्याच्या शिक्षण खात्याकडे अपील करता येते. तक्रार खरी ठरली, तर झळ बसलेल्या सर्व मुलांची भरपाई शाळेला करावी लागते.