हरियाल जंगल पेरतो का?

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की कापडे लागतं. आमच्या या भागात एखादा जुना वड फळांनी लाल झाला, की सकाळी त्यावर हरियालांचा थवा उतरतो. पण पानांत तो सहजासहजी दिसत नाही. हिरवट-पिवळं अंग, पिवळे पाय, खांद्याशी जांभळट डाग. टपटप गळणारी फळं आणि शिट्टीसारखा मंजुळ आवाज, यांवरूनच त्याला ओळखायचं.

हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. शाळांतून त्याच्याविषयी बोलताना मी कित्येक वर्षं एक वाक्य हमखास म्हणत असे : ‘हरियाल फळं खातो आणि जंगल पेरतो.’ पुढे रस्त्याकडेचा एक वड तुटला. मी हळहळलो, तेव्हा तोडणाऱ्यांतला एक जण म्हणाला, “काका, तुमचे हरियाल लावतील की दुसरा!” शाळेत त्यानं माझं बोलणं ऐकलं होतं. मला उत्तर सुचेना. घरी येताना मनात आलं, हे आपल्याला तरी ठाऊक कुठून?

हिवाळ्यात हरियाल निष्पर्ण सावरीवर ऊन खात बसतात. थवा आला, की मी खाली जुनी चादर अंथरू लागलो. जमलेली विष्ठा धुऊन कुंडीत टाकली. दुसऱ्या कुंडीत बुलबुलांची. बुलबुलांच्या कुंडीत वडाची बारीक रोपं आली. हरियालांची कुंडी तशीच राहिली. हा ओसरीवरचा प्रयोग. त्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण फ्रँक लॅम्बर्ट यांनी मलेशियाच्या जंगलात केलेला अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध झाला आहे, तोही हेच सांगतो. हरियालाच्या गटातल्या पक्ष्यांची पेषणी (कोंबडीच्या दुकानात आपण जिला ‘पेटा’ म्हणतो ती) जाड स्नायूंची असते. तिच्यात बारीक खड्यांच्या मदतीनं वड-उंबराच्या जातीचं बी जात्यात भरडावं तसं भरडलं जातं. म्हणजे हरियाल फळाबरोबर बीसुद्धा पचवतो.

त्याचे भाऊबंद मात्र वेगळे. निकोबारपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ‘ड्युकुला’ गटातली मोठी रानकबुतरं आढळतात. दक्षिण सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातही त्यांतलं एक आहे. ती जायफळाच्या जातीची टपोरी फळं अख्खी गिळतात. त्यांची पेषणी नरम असते, त्यामुळे फक्त गर पचतो आणि बी शाबूत बाहेर पडतं. ज्या बेटांवर हत्ती नाहीत, धनेश नाहीत, तिथं मोठ्या बियांच्या झाडांचा भार बराचसा या कबुतरांवर असतो. ‘जंगल पेरणारं कबूतर’ ही ख्याती त्यांची; मी ती हरियालाच्या नावावर खपवत होतो.

मग आपला वड कोण लावतो? बुलबुल, तांबट, कोकीळ, धनेश, वटवाघळं. त्यांनी टाकलेलं बी भिंतीच्या भेगेत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं. वडाच्या एका बहरात इतकं अमाप बी असतं, की हरियालाचा वाटा काढूनही झाडाचं भागतं.

म्हणून हरियाल कुचकामी ठरतो का? मुळीच नाही. फक्त उपकार कोणाचे कोणावर, हे आपण उलटं मांडलं होतं. वड हरियालावाचून जगेल. हरियालाचं वड-पिंपळ-उंबरांवाचून कठीण आहे. शेजारशेजारचे दोन वडही एकाच वेळी पिकत नाहीत. म्हणूनच थव्याला एक झाड पुरत नाही. या महिन्यात हे, पुढच्या महिन्यात ते, अशी मैलोगणती पसरलेली अनेक जुनी झाडं लागतात. त्यांतलं एक तुटलं, की वर्षातले काही दिवस उपासाचे होतात. आणि दुसरा वड तेवढा व्हायला एका माणसाचं आयुष्य जातं.

आता मी शाळेत ते वाक्य म्हणत नाही. मुलांना विचारतो, “तुमच्या वाडीत जुने वड किती? कुठला कधी पिकतो?” मुलं मोजून येतात. त्या वडाच्या बुंध्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर मला आज सुचतं : हरियाल वड लावत नाही रे, तो त्यावर जगतो.